शीआनला निघालेल्या भाचीस

पुणे

चि. मनूस,


व्हिसा हातात आल्याचं ताईनं काल कळवलं. फार आनंद झाला. आता घरात सामानाच्या याद्या चालल्या असतील. त्यात मी भर घालत नाही. जाड कोट तिथेच घे, पुस्तकांचं ओझं नेऊ नकोस, आणि आईनं लोणचं बांधून दिलं तर निमूटपणे ने. मला बोलायचं आहे ते तुझ्या दुपारींबद्दल.

भाषेचे वर्ग सकाळी आठला सुरू होतात आणि बाराच्या सुमारास संपतात. सकाळ विद्यापीठाची. त्यानंतरचा वेळ तुझा, आणि दोन वर्षांनी तू चिनी कशी बोलशील हे त्या वेळात ठरणार आहे. रांजणगाव-चाकणच्या कारखान्यांत दुभाषी म्हणून काम करताना मी दोन्ही प्रकारची मुलं पाहिली. एकाच वर्गात, एकाच बाकावर शिकलेली. एकजण चिनी इंजिनियरच्या तक्रारीचा सूरसुद्धा ओळखतो, दुसऱ्याकडे वरच्या पातळीचं प्रमाणपत्र असतं आणि मशीन बंद पडल्यावर सगळे एकदम बोलायला लागले की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. दोघांच्या बुद्धीत फरक नसतो. पहिल्यानं दुपारी वसतिगृहाबाहेर काढलेल्या असतात.

आधी कागदपत्रांचं उरकून घेते, कारण तिथे हयगय चालत नाही. पोचल्यापासून चोवीस तासांच्या आत तुझ्या मुक्कामाची नोंद पोलिसांकडे झाली पाहिजे. वसतिगृहात राहणार असशील तर बहुधा तेच करतील, पण झाली का हे स्वतः विचार आणि कागद मागून घे. तुझा व्हिसा एक्स-1 आहे; तो आत शिरण्यापुरता. तीस दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. त्यासाठी प्रवेशपत्र आणि व्हिसाचा फॉर्म मूळ प्रतीत लागतो, म्हणून ते हातातल्या बॅगेत ठेव. वैद्यकीय तपासणीचे कागदही त्यातच. विद्यापीठाचा विमा सक्तीचा असतो, तो पहिल्याच आठवड्यात भर. पैशांचे व्यवहार अलिपे आणि वीचॅटवर चालतात. परदेशी कार्ड आता दोन्हींना जोडता येतं. तरी थोडी रोकड जवळ असू दे.

आता उच्चार. यात तुझ्याकडे मोठी ठेव आहे आणि ती बहुतेक मराठी मुलं वाया घालवतात, कारण ती रोमन लिपीतलं पिनयिन इंग्रजीसारखं वाचतात. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प, पी म्हणजे फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. हा फ फळातला, ओठ मिटून म्हटलेला, फोनमधला नव्हे. अल्पप्राण-महाप्राणाचा हा भेद आपण पाळण्यातच शिकलो. अमेरिकन मुलांना तो कळायलाच महिने जातात. शिवाय चिमणीतला च आणि चमच्यातला च हे दोन वेगळे उच्चार आपल्या तोंडात आहेत; पिनयिनचा जे पहिल्याच्या जवळचा, झेड दुसऱ्याच्या. पहिला महिना वहीत उच्चार देवनागरीत लिही. वर्गातल्या शिक्षिकेला ते दिसलं तर समजावून सांग, तिलाही गंमत वाटेल.

सूर मात्र शून्यातून शिकायचे. एकेका अक्षराचे चार सूर घोकून काही होत नाही, कारण माणसं एकेक अक्षर सुटं बोलत नाहीत. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या घे, चारही सूर एकमेकांशी जोडून. तिसरा सूर पुस्तकात खाली जाऊन वर येतो. बोलताना तो बहुतेक वेळा खालीच राहतो, आणि दोन तिसरे सूर एकापुढे एक आले की पहिला दुसऱ्यासारखा वर चढतो. रोज रात्री पाच मिनिटं स्वतःचा आवाज फोनवर टिपून ऐक. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतो, पण याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानंच होत नाही.

मग दुपार. कॅन्टीनमध्ये साडेअकरापासून गर्दी सुरू होते आणि एक वाजेपर्यंत चांगले पदार्थ संपतात. जेवण झालं की सारा देश आडवा होतो. त्या वेळात कोणाचं दार वाजवू नकोस, फोन करू नकोस. तूही झोप काढ किंवा अक्षरं गिरव. अडीचनंतर बाहेर पड.

कुठे जायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे: निवृत्त माणसांकडे. तुझ्या वयाची चिनी मुलं तुझ्याशी इंग्रजीचा सराव करतील. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही परीक्षा आहेत. भाषेची देवाणघेवाण करणारी मैत्रीण जरूर कर. अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास चिनी, घड्याळ लावून. पण आज्या-आजोबांना इंग्रजी येत नाही, घाई नसते, आणि परदेशी मुलीबद्दल कुतूहल भरपूर असतं. तिथे निवृत्तीचं वय कितीतरी वर्षं पुरुषांना 60 आणि बायकांना 50 किंवा 55 होतं. ते वाढवायला सुरुवात झाली 2025 साली. त्यामुळे पंचावन्न-साठीच्या, हातपाय धड असलेल्या, गप्पिष्ट बायका प्रत्येक बागेत भेटतात.

शीआनचा नगरतट पाहशीलच. मिंग काळातला, जवळपास 14 किलोमीटरचा, वरून सायकल चालवता येते. पर्यटक वर जातात. तू खाली जा. तटाला लागून, खंदकाच्या काठानं सगळीकडून बाग आहे. तिथे संध्याकाळी नाच चालतात, मोठ्या कुंचल्यानं जमिनीवर पाण्यात अक्षरं लिहिणारे आजोबा असतात, आणि छिनछियांग गाणारी हौशी मंडळी असतात. छिनछियांग हे या प्रांताचं संगीत नाटक. लाकडी टाळ, तंतुवाद्य आणि गळा फाडून लावलेला पट्टीचा आवाज. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा दचकशील. तरी बसून राहा. पुन्हा दोन दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी जा. तिसऱ्या खेपेला कोणीतरी स्टूल सरकवेल. विचारतील: कुठली, वय काय, लग्न झालं का, आईवडील काय करतात, महिन्याला किती मिळवतात, भात खाता की पोळी. आपल्या एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते तेच. राग मानू नकोस. याची उत्तरं आधी लिहून, पाठ करून जा. आणि ‘दंगल’ चित्रपटावर चार वाक्यं तयार ठेव, तो 2017 साली तिथे तुफान चालला आणि अजून लोकांच्या तोंडी आहे.

अशा बाईला ‘आयी’ म्हण, तिच्या वयाच्या पुरुषाला ‘शूशू’, रिक्षा-टॅक्सीवाल्याला किंवा कारागिराला ‘शफू’. हाक बरोबर मारलीस की अर्धं काम होतं.

जागा बदलत राहू नकोस हे मुद्दाम सांगते. एकच फळवाली, एकच नूडल्सचं दुकान, एकच बाग. नव्या जागी गेलीस की संभाषण दर वेळी ‘तू कुठली’ इथून सुरू होतं आणि तिथेच संपतं. जुन्या जागी ते काल सोडलं तिथून पुढे जातं. फळवालीच्या मुलाची परीक्षा, तिच्या सासूचे गुडघे, गावाकडचं घर, हे सगळं तुला कळायला लागलं की ते शब्द पाठ करावे लागत नाहीत.

एक अडचण येईल. ही मंडळी पुस्तकातली चिनी बोलत नाहीत. शीआनच्या बोलीत सूरच वेगळे. ‘मी’साठी ‘वो’च्या जागी ‘ङ’सारखं काहीतरी ऐकू येतं. पहिला महिना तुला वाटेल की आपण दुसऱ्याच देशात उतरलो. घाबरू नकोस. तू शुद्ध बोल, ते बोली बोलतील, आणि तुझ्यासाठी प्रमाण चिनीकडे वळायचा प्रयत्नही करतील. कान दोन्हींना सरावला तर पुढे शांतुंगचा फोरमन असो की सिचुआनचा, तुला सगळे कळतील. बेइचिंगच्या शुद्ध वातावरणात शिकलेल्यांना हे जड जातं, म्हणून तू शीआन निवडलंस हे मला मनापासून पटलं.

वसतिगृहात भारतीय मुलं भेटतील, बरीचशी वैद्यकीयची. त्यांच्या दिवाळीला जा, आजारपणात त्यांची मदत घे आणि कर. पण रोजचं जेवण त्यांच्यात नको. खोलीची जोडीदारीण निवडायची मुभा मिळाली तर जिला इंग्रजी येत नाही अशी माग. शीआनला मध्य आशियातली मुलं खूप येतात. त्यांची आणि तुझी सामाईक भाषा एकच राहील, तीही तुम्हा दोघींना मोडकीतोडकी येणारी. याहून चांगला सराव नाही. त्यांत कधी डुंगान भेटेल. या लोकांचे पूर्वज 1870च्या दशकात बंड फसल्यावर शान्शी आणि कान्सूमधून डोंगर ओलांडून रशियाच्या हद्दीत गेले. ते आजही तीच जुनी बोली बोलतात आणि ती रशियन लिपीत लिहितात. त्यांच्या मुलांना अक्षरं वाचता येत नाहीत, पण बागेतल्या आजोबांशी ती पहिल्या दिवसापासून बोलतात. हे पाहिलंस की भाषा डोळ्यांनी शिकायची की कानांनी, याबद्दल तुझा तूच विचार करशील.

अक्षरं मात्र हातानं लिहायचीच. फोनवर पिनयिन टाइप केलं की अक्षर आपोआप समोर येतं, त्यामुळे खुद्द चिनी माणसंही लिहायला बसली की अडतात. रोज दहा अक्षरं, रेषांचा क्रम सांभाळून. नेहमीच्या वापरातली अक्षरं 3,500 आहेत. दोन वर्षांत ती सगळी होणार नाहीत, पण निम्म्याहून जास्त नक्की होतील. कंटाळा आला की दक्षिण दरवाज्याजवळच्या पैलिनला जा, शिलालेखांच्या संग्रहालयात. 837 साली पुरी झालेली अभिजात ग्रंथांची शिळारूप प्रत तिथे उभी आहे, 114 मोठ्या शिळा, साडेसहा लाखांच्या आसपास अक्षरं. नकलांमध्ये चुका होऊ नयेत म्हणून कोरलेली. बाराशे वर्षांपूर्वीच्या दगडावरचं एखादं अक्षर तुला वाचता आलं की सकाळच्या कंटाळवाण्या शब्दलेखनाचा राग जातो.

खाण्याचं तू निभावून नेशील. यौफो मियान म्हणजे रुंद नूडल्सवर लाल तिखट, लसूण घालून वरून कडकडीत तेल ओततात. आपल्या फोडणीचाच चुरका. ल्यांगफी थंड, आंबट-तिखट, उन्हाळ्यात रोज खावी. कॅन्टीनमध्ये टोमॅटो-अंडं आणि बटाट्याचे आंबट-तिखट तुकडे कायम मिळतात. तू मटण खातेस, पण नुसतं ‘रो’ म्हटलं की ते डुकराचं समजायचं. मेंढीचं हवं तर ‘यांगरो’ म्हण. मापो तोफूतही बहुधा खिमा असतो. ढोल मनोऱ्यामागच्या मुस्लीम वस्तीत डुकराचं मांस नसतं. मुख्य रस्ता पर्यटकांचा, महाग. साचिनछियाओच्या बाजूला जा. तिथे फाओमो खा. वाडग्यात घट्ट रोट येतात आणि ते तूच बारीक, सोयाबीनच्या दाण्याएवढे कुसकरायचे; मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. कुसकरायला चांगला वेळ लागतो आणि टेबलावरचे सगळे तेवढा वेळ बोलत असतात. गोमांसाचाही प्रकार असतो, म्हणून आधी विचारून घे.

फोनबद्दल कडक बोलते. भाषांतराचं ॲप कॅमेऱ्यासमोर धरून तू सगळं शहर मराठी-इंग्रजीत पाहू शकशील, आणि शिकशील काहीच नाही. शब्दकोश ठेव, प्लेको उत्तम आहे. कॅमेरा फक्त औषधाच्या खोक्यावर आणि सरकारी कागदावर. वीचॅटवर आयी लोक लांबलचक बोलून निरोप पाठवतात. त्याचं लेखी रूप करणारं बटण दाबू नकोस, तीनदा ऐक. रस्त्यावर तर फोन खिशातच. विजेच्या स्कूटर आवाज न करता पदपथावरही मागून येतात.

सीमेचा विषय निघेल. 2020नंतर तो दोन्ही बाजूंना नाजूक आहे. कोणी टॅक्सीवाला विचारेल, कोणी वर्गातही. वाद घालायला तू गेलेली नाहीस आणि मान खाली घालायलाही नाही. ऐकून घे, ‘आमच्याकडे याबद्दल वेगळं मत आहे’ एवढं शांतपणे म्हण आणि विषय बदल. हे वाक्य चिनीत अचूक, सभ्य शब्दांत यायला हवं. ते वर्गातल्या शिक्षिकेकडून नीट करून घे.

डिसेंबर-जानेवारी जड जाईल. सारा चीन एकाच घड्याळावर चालतो आणि शीआन बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे जानेवारीत सूर्य पावणेआठच्या पुढे उगवतो. आठच्या वर्गाला तू अंधारात निघशील. 15 नोव्हेंबरला इमारतींचं तापवणं सुरू होतं, खोली ऊबदार पण हवा कोरडी होते, बाहेर धुरकं. याच सुमारास भाषाही पुढे सरकत नाही असं वाटायला लागतं. त्याला कारण आहे. चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेच्या जुन्या मांडणीत तिसऱ्या पातळीला 600 शब्द होते, चौथीला 1,200, पाचवीला 2,500. प्रत्येक पायरी आधीच्या दुपटीची. तू तितक्याच वेगानं चालत असतेस, पायरी उंच झालेली असते. नवी मांडणी नऊ पातळ्यांची आहे, पण पायऱ्या तिथेही चढत्याच आहेत. म्हणून त्या दिवसांत परीक्षेकडे पाहू नकोस, बागेत जा. थंडीतही आयी तिथेच असतात, उन्हाच्या पट्ट्यात.

वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीत घरी येऊ नकोस. ताईला हे आवडणार नाही, तरी सांगते. शहर रिकामं होतं, कॅन्टीन बंद होतं आणि बहुतेक परदेशी मुलं पळतात. त्याआधीच्या चार महिन्यांत तू माणसं जोडलेली असलीस तर कोणीतरी गावी बोलावेल. जा. फळांची पेटी किंवा दुधाची पेटी ने, दोन्ही हातांनी दे. घड्याळ कधीही भेट देऊ नये. वर्ष बदलण्याच्या रात्री सगळं घर च्याओझ, म्हणजे सारणाच्या उकडलेल्या करंज्या, वळायला बसतं, तुलाही बसवतील. त्या आठवड्यात तू जे शिकशील ते सत्रभर शिकवता येत नाही.

मोठ्या हंस मनोऱ्यावर जा, एकटी, गर्दी नसताना. ह्युएनत्संगानं भारतातून नेलेले ग्रंथ ठेवायला तो 652 साली बांधला. 645 साली परतल्यावर मरेपर्यंत, म्हणजे 664पर्यंत, तो भाषांतरच करत बसला, 75 ग्रंथ. तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं त्यानं लिहून ठेवलं आहे, पुलकेशी राजाचाही उल्लेख केला आहे. नालंदेत तो परदेशी विद्यार्थीच होता. जे त्यानं इथे केलं ते तुला तिथे करायचं आहे, आणि तुला तर आगगाडी आहे. लोयांगला वेगवान गाडीनं दीड-दोन तासांत पोचशील. तिथल्या श्वेताश्व मंदिराच्या आवारातलं भारतीय पद्धतीचं मंदिर 2010 साली आपल्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती असताना खुलं केलं.

आणि सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना विसरू नकोस. 1939 साली ते येनआनला पोचले, तुझ्याच शान्शी प्रांतात. चिनी शिकले, जखमी सैनिकांशी चिनीत बोलले, विद्यार्थ्यांना चिनीत शिकवलं, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या 32व्या वर्षी चीनमध्येच गेले. त्यांचं चिनी नाव ख तीह्वा. बागेतल्या वृद्धांपुढे ते नीट उच्चारून बघ. तू त्यांच्या मुलखातली आहेस हे सांगायला तुला लाज वाटणार नाही इतकी भाषा कमव.

ताईचं मी पाहते. तिकडे व्हॉट्सॲप आणि जीमेल चालत नाही, इकडे वीचॅटवर बंदी आहे. त्यामुळे निघण्यापूर्वीच भारतातलं सिम रोमिंगवर टाक आणि रविवारची वेळ ठरव. तुझं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिला रोज बोलायचं असेल, पण रोज तासभर मराठीत जीव रमला तर चिनीत रमणार नाही. मी तिला समजावलं आहे, ती रडली, पण मानली.

महिन्यातून एक पत्र मला चिनीत लिही. हातानं, एक पान, बागेत ऐकलेलं काहीही. त्याचा फोटो विद्यापीठाच्या ईमेलवरून पाठव. मी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवीन. पहिलं पत्र ऑक्टोबरच्या सुट्टीत येऊ दे.

तुझी,
मावशी